'एकूण' नावाची कॅम्पेन

हिरव्या टिकमार्कवरचा माझा विश्वास उडालाय.

कुठलंही मार्केटिंग रिपोर्टिंगचं टूल घ्या. त्यात एक्सेलची फाईल चढवा. एक गोल चक्र फिरतं, दोन-चार सेकंदांत हिरवी खूण येते आणि खाली लिहून येतं, 'इंपोर्ट यशस्वी'. आपण हुश्श करतो, टॅब बंद करतो आणि चहाला जातो. पण यशस्वी म्हणजे नक्की काय झालं हो? फाईल उघडली, रो वाचले, डेटाबेसमध्ये जाऊन काहीतरी पडलं. बस्, एवढंच. जे पडलं ते फाईलमध्ये होतं तेच आहे का, याची हमी त्या हिरव्या खुणेने कधीच घेतलेली नसते. आपणच ती गृहीत धरतो, कारण हिरवा रंग म्हणजे सगळं ठीक असं सिग्नलवर उभं राहून राहून डोक्यात बसलंय. (पुण्यात तेही खरं नाही, पण असो.)

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. जे टूल कुठलीही फाईल बिनतक्रार गिळतं ते सोयीचं नाही, लबाड आहे. आणि त्या लबाडीचं बिल टूल बनवणारा भरत नाही, विकणाराही भरत नाही. ते भरतं शीट बनवणारं माणूस, आणि ते बहुतेक वेळा त्या अख्ख्या साखळीत सगळ्यात कमी पगाराचं असतं.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही (भाग्यवान लेकाचे!) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कंपनी जाहिरातींवर पैसे घालवते. त्यातला गूगल आणि मेटावरचा खर्च एपीआयमधून आपोआप रिपोर्टमध्ये येतो. पण वर्तमानपत्रातली पाव पानाची जाहिरात, एफएमवरचे स्पॉट, हायवेवरचं होर्डिंग, प्रदर्शनातला स्टॉल, सोसायटीच्या गेटवर वाटलेली पत्रकं यांना कुठला आलाय एपीआय? हे सगळं येतं एक्सेलमधून. दर सोमवारी सकाळी एजन्सीतली कुणीतरी एक्झिक्युटिव्ह मेल करते, 'प्लीज फाइंड अटॅच्ड', आणि ती फाईल कुणीतरी टूलमध्ये चढवतं. दुसऱ्या बाजूने विक्रीच्या सिस्टिममधून लीड येतात, म्हणजे चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकांची नोंद. टूल दोन्ही जोडतं आणि एक आकडा काढतं: एका लीडला किती रुपये पडले. पुढच्या महिन्याचे पैसे कुठे जाणार आणि कुठे बंद होणार, ते या एका आकड्यावर ठरतं. 'सगळं आता कनेक्टरने येतं, एक्सेल मेलं' असं जे लोक दर दोन वर्षांनी जाहीर करतात, त्यांनी एकदा सोमवारी सकाळी कुठल्याही एजन्सीत जाऊन बसावं.

आता एक खरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका मॉड्युलर किचनवाल्या कंपनीचं डेटाचं काम बघत होतो. नावं कुणाचीच सांगत नाही, आणि आकडे गोल केलेत, पण प्रमाण तेच. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक अशी चार शहरं. एजन्सीच्या शीटमध्ये पहिला कॉलम शहराचा आणि तो मर्ज केलेला, म्हणजे 'पुणे' एकदाच लिहिलंय आणि त्याच्या बाजूला पुण्यातल्या जाहिरातींच्या सात-आठ ओळी. बघायला एकदम छान. खर्च असा: पुणे ६,४०,०००, मुंबई ९,२०,०००, नागपूर २,९०,०००, नाशिक १,५०,०००. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात, पिवळा रंग भरून: एकूण २०,००,०००.

एक्सेलमध्ये सेल मर्ज केले की किंमत फक्त पहिल्या सेलमध्ये राहते, बाकीचे रिकामे. त्या टूलला हे ठाऊक होतं, म्हणून त्यात एक हुशार सोय होती: शहराचा सेल रिकामा दिसला की वरचं शहर खाली ओढून घ्यायचं. चांगली कल्पना आहे, वाईट म्हणत नाही. पण 'एकूण' हा शब्द होता जाहिरातीच्या नावाच्या कॉलममध्ये, आणि त्या ओळीतला शहराचा सेल रिकामा. टूलने वर पाहिलं, तिथे नाशिक होतं. झालं! नाशिकमध्ये 'एकूण' नावाची एक नवीन कॅम्पेन जन्माला आली, तिचा खर्च वीस लाख.

इंपोर्ट यशस्वी.

नाशिकहून तीनशे लीड आल्या होत्या. दीड लाखात तीनशे, म्हणजे पाचशे रुपयांना एक लीड. पुण्याचा भाव आठशे होता, मुंबईचा नऊशेच्या वर. चारही शहरांत नाशिक सगळ्यात स्वस्त. टूलच्या हिशोबाने मात्र साडेएकवीस लाख भागिले तीनशे, म्हणजे एका लीडला ७,१६७ रुपये. डॅशबोर्डवर नाशिक लालभडक. आणि त्या कंपनीत नियम असा, की सलग दोन महिने लाल दिसलं की पैसे बंद. दिवाळीच्या तोंडावर नाशिकच्या जाहिराती बंद झाल्या. किचनच्या धंद्यात दसरा-दिवाळी म्हणजे काय असतं ते त्या शोरूममधल्या पोरांना विचारा, त्यांचा अर्ध्या वर्षाचा इन्सेंटिव्ह त्या सहा आठवड्यांत असतो.

हे सापडलं कसं? डेटा टीमला नाही, टूलवाल्यांना नाही. अकाउंट्समधल्या एका काकांना सापडलं, तेही दिवाळी झाल्यावर. एजन्सीचं महिन्याचं बिल वीस लाखांचं आणि टूलच्या एक्स्पोर्टमध्ये त्याच महिन्याचा खर्च चाळीस लाख. काका माझ्या जागेवर आले आणि म्हणाले, "अरे, हा ताळा लागत नाहीये." मग मी आतलं टेबल उघडून पाहिलं आणि 'एकूण' बाईंचं दर्शन झालं.

नंतरचा कॉल मला चांगला आठवतो. टूलच्या कंपनीचा माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "सर, सिस्टिम बरोबर चाललीये. गार्बेज इन, गार्बेज आउट." त्यावर एजन्सीचे साहेब, सगळ्यांसमोर, शीट बनवणाऱ्या मुलीला: "अगं, एवढं साधं शीट धड पाठवता येत नाही का तुला?" ती दोन वर्षांच्या अनुभवाची मुलगी. पुढच्या आठवड्यात तिला त्या अकाउंटवरून काढलं. जाताना तिने मला फोनवर एवढंच विचारलं, "सर, मग शीटमध्ये एकूण लिहायचंच नाही का?"

हा प्रश्न तिने मला नाही, त्या शांत माणसाला विचारायला हवा होता. आणि त्याने उत्तर द्यायला हवं होतं.

गार्बेज इन, गार्बेज आउट! आमच्या धंद्यात या वाक्यामागे जेवढे लोक लपलेत तेवढे दुसऱ्या कुठल्याच वाक्यामागे लपले नसतील. अहो, ते शीट कचरा नव्हतंच. कुठल्याही माणसाच्या हातात द्या, पहिल्या नजरेत कळेल की खालची पिवळी ओळ म्हणजे बेरीज. पाचवीतल्या मुलालाही कळेल. तेच शीट त्या मुलीचे साहेब बघत होते, तेच क्लायंटच्या मॅनेजरला जात होतं, त्यावरूनच बिल बनत होतं. त्या सगळ्यांना बेरीज हवी होती. एकट्या टूलला ती नको होती, आणि नको असल्याचं त्याने कधी सांगितलं नाही. आत गेलं ते चांगलं होतं. कचरा मध्ये तयार झाला, आणि ज्या यंत्राने तो केला त्याच्या मालकाने बोट दाखवलं फाईल पाठवणारीकडे.

याचं मूळ आहे अंदाज बांधण्यात. इंपोर्टर नावाची चीज फाईल वाचत नाही, फाईलबद्दल अंदाज बांधते. हा कॉलम तारखेचा असावा, हा रुपयांचा असावा. अंदाज बांधायला माझा विरोध नाही. अंदाज बांधून गप्प बसण्याला आहे.

तारखेचंच घ्या. आपण लिहितो दिवस-महिना-वर्ष. टूल असतं अमेरिकन सेटिंगवर, ते वाचतं महिना-दिवस-वर्ष. एप्रिल महिन्याची फाईल चढवली की ०१/०४ चा होतो ४ जानेवारी, ०२/०४ चा ४ फेब्रुवारी, असं करत १२/०४ चा ४ डिसेंबर. बाराजण वर्षभर विखुरले. त्यातला एकच बरोबर जागी पडतो, ४ एप्रिल, तोही योगायोगाने. १३ तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे टूल अडतं, आणि इथे खरी परीक्षा असते. इथे जर ते ओरडलं असतं, की बाबा, या कॉलममध्ये अठरा ओळी मला कळत नाहीत, तर माणसाने लगेच ओळखलं असतं. पण बरीच टूल्स त्या अठरा ओळी सोडून देतात आणि वर हिरवी खूण लावतात. काही तर आणखी हुशार. पायथनमधली पँडास लायब्ररी, जिच्यावर डेटाच्या अर्ध्या जगाची भाजीभाकरी चालते, ती पूर्वी ओळीगणिक वेगळा अंदाज बांधायची: १२ तारखेपर्यंत अमेरिकन, १३ पासून भारतीय, एकाच कॉलममध्ये! एप्रिल २०२३ मध्ये तिची २.० आवृत्ती आली आणि हे बदललं. आता पहिल्या ओळीवरून जी पद्धत ठरेल तीच खालपर्यंत लावायची आणि बसली नाही तर एरर द्यायचा. बऱ्याच जणांचा चालू कोड त्या दिवशी मोडला. मोडायलाच हवा होता, तो इतके दिवस चालत होता हाच प्रॉब्लेम होता.

आणि आपले लाख! जावास्क्रिप्टमध्ये पार्सफ्लोट नावाचं फंक्शन आहे. त्याला '१,५०,०००' असा मजकूर दिला (अर्थात इंग्रजी आकड्यांत) की ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि उत्तर देतं: १. दीड लाखाचा एक रुपया. कुरकुर नाही, काही नाही. आणि आपल्या एजन्स्यांना रकमेपुढे ती तिरकी रेघ आणि डॅश काढायची सवय असते, चेकवर काढतात तशी. तो सेल मग आकडा उरतच नाही, मजकूर होतो, आणि एक्सेलचं स्वतःचं सम फंक्शनसुद्धा रेंजमधला मजकूर गुपचूप सोडून पुढे जातं.

मायक्रोसॉफ्टचा एक्सेल वाचणारा ड्रायव्हर (आधी जेट, नंतर एस) मूळ सेटिंगला पहिल्या आठ ओळी बघून कॉलमचा प्रकार ठरवतो. आठच! त्यात आकड्यांचं बहुमत असलं की कॉलम आकड्यांचा, आणि खाली नवव्या ओळीत कुठे मजकूर आला तर त्या जागी नल. (पाण्याचा नव्हे. त्यातून निदान काहीतरी येतं.) मेटाच्या जाहिरातींचे आयडी पंधरा अंकांहून लांब असतात आणि एक्सेल आकडा म्हणून पंधराच अंक जपतं, पुढे सगळी शून्यं. त्यामुळे सीएसव्ही फाईल नुसती डबलक्लिक करून उघडली आणि सेव्ह केली की दहा वेगवेगळ्या जाहिराती एकाच आयडीच्या होऊ शकतात. एकही अक्षर न टाइप करता! मराठी नावांचं काय होतं ते तर विचारूच नका. 'औंध'चं शाखा कार्यालय कुठल्यातरी युरोपीय मंत्रासारखं दिसायला लागतं.

हे सगळं मार्केटिंगपुरतं आहे, दोन-चार लाख इकडचे तिकडे झाले, असं कुणाला वाटत असेल तर इंग्लंडकडे बघा. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कोव्हिडची दुसरी लाट चढत असताना, तिथल्या तेव्हाच्या पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या आकडेवारीतून १५,८४१ रुग्ण गळले. प्रयोगशाळा सीएसव्ही फाइली पाठवत होत्या, त्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या टेम्प्लेटमध्ये ओढल्या जात होत्या, आणि त्या प्रकारात एका शीटला ६५,५३६ च ओळी मावतात. एका रुग्णाच्या अनेक ओळी, म्हणजे साधारण चौदाशे रुग्णांत शीट भरायचं. त्याच्या पुढच्या ओळी आल्याच नाहीत. ज्यांना 'तुमच्या संपर्कातला माणूस पॉझिटिव्ह आहे' असा फोन जायला हवा होता, त्यांना तो वेळेवर गेला नाही. प्रयोगशाळांनी काय चुकीचं पाठवलं होतं? काहीही नाही.

जीवशास्त्रज्ञांची कथा त्याहून मजेशीर. मार्च आणि सेप्ट अशा अक्षरांनी सुरू होणारी काही जनुकांची नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. २०१६ मध्ये 'जीनोम बायोलॉजी'त एक अभ्यास आला: एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशी बिघडलेली नावं होती. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने चक्क जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलमध्ये हा आगाऊपणा बंद करायचं बटण यायला २०२३ उजाडलं. म्हणजे बघा, कोट्यवधी वर्षं जुन्या जनुकांनी जमवून घेतलं, सॉफ्टवेअरने सगळ्यात शेवटी. त्या बिचाऱ्या मुलीने 'एकूण' लिहू नये ही अपेक्षा याच जातीची आहे.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. प्रॉडक्ट मॅनेजर नावाची जमात म्हणते, की फाईल नाकारली तर युजर पळून जातो. डेमोमध्ये लाल पट्टी आली तर सौदा जातो. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. आणि नाकारणाऱ्या टूल्सचाही एक भयानक प्रकार आहे: 'फाईलमध्ये त्रुटी आहे. पुन्हा प्रयत्न करा.' अरे पण कुठल्या ओळीत? कुठल्या कॉलममध्ये? सरकारी खिडकीवरचा माणूस फॉर्म परत ढकलतो आणि काय चुकलंय ते सांगत नाही, तोच हा अवतार. युजर अशा टूलपासून पळाला तर शहाणाच म्हणायचा.

पण गिळणं आणि थुंकणं या दोनच गोष्टी तोंडाला येतात का? मधे चावणं म्हणून काही असतं की नाही?

ते अकाउंट्समधले काका आठवा. त्यांनी काय केलं? कुठलंही टूल नाही, मशीन लर्निंग नाही. दोन बेरजा शेजारी ठेवल्या. वाण्याच्या दुकानातला दिवाणजी रात्री रोजकीर्दीचा ताळा लागल्याशिवाय गल्ला बंद करत नसे, इतकी जुनी गोष्ट आहे ही. संगणकाच्या जगातही नवी नाही. पंचकार्डांच्या काळात कार्डांचा गठ्ठा मशीनला देताना त्यासोबत किती कार्डं आणि रकमेची बेरीज किती हे लिहून द्यायची पद्धत होती. मशीनने वाचल्यावर आकडा जुळला नाही तर गठ्ठा परत. कंट्रोल टोटल म्हणायचे त्याला.

आणि आता मला जी गोष्ट खरोखर डाचते ती सांगतो. त्या मुलीच्या शीटमधली ती पिवळी ओळ म्हणजे ताळाच होता! तिने स्वतःहून, कुणी न मागता, टूलच्या हातात तपासायचं साधन दिलं होतं. वरच्या ओळींची बेरीज वीस लाख, खालच्या ओळीत वीस लाख. टूलने एवढंच म्हणायला हवं होतं, 'शेवटची ओळ ही वरच्या सगळ्यांची बेरीज दिसतेय. ती सोडून २०,००,००० घेतोय, बरोबर?' एक प्रश्न, एक क्लिक. त्याऐवजी टूलने ताळाच कॅम्पेन समजून खाल्ला, आणि ज्या एका ओळीने सगळे वाचले असते त्याच ओळीवरून त्या मुलीला बोलणी बसली.

असा प्रश्न विचारायला फार अक्कल लागत नाही. मी प्रोग्रॅमर आहे, हे काम किती दिवसांचं असतं ते मला कळतं. फाईल वाचल्यावर डेटाबेसमध्ये टाकण्याआधी एक पडदा दाखवा: एवढे रो, खर्चाची बेरीज एवढी, पहिली तारीख ही, शेवटची ही, शहरानुसार एवढं एवढं, आणि मागच्या आठवड्याच्या फाईलशी तुलना. एप्रिलच्या फाईलमध्ये 'शेवटची तारीख ४ डिसेंबर' असं दिसलं तर कुठलाही माणूस थबकेल. नाशिकपुढे साडेएकवीस लाख दिसले तर ती मुलगी स्वतःच थबकली असती. तिला नाशिकचा खर्च तोंडपाठ होता, टूलला तो कधीच माहीत नव्हता. ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं नाही आणि ज्याला माहीत नाही त्याने ठरवायचं, हा कुठला न्याय?

आणि जिथे अंदाज बांधायची गरजच नाही तिथे बांधू नका ना! गूगल ॲड्समध्ये ऑफलाइन कन्व्हर्जनची फाईल चढवताना टाइमझोन स्पष्ट लिहावा लागतो. लोक वैतागतात, पण त्या वैतागाने रात्री साडेअकराची विक्री दुसऱ्या दिवशी पडायची वाचते. वर्ष-महिना-दिवस असा तारखेचा प्रकार ठरवून देणारं आयएसओ ८६०१ हे प्रमाण १९८८ चं आहे. तेच मागा, आणि ज्या फाईलमध्ये ते नसेल तिथे विचारा, दिवस आधी की महिना आधी.

गंमत म्हणजे आमच्या धंद्याच्या तळमजल्यावर हा धडा केव्हाच शिकून झालाय. पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडला फाईलमधली एक ओळ जरी खराब लागली तरी ती अख्खी फाईल परत करते. खराब ओळी सोडून पुढे जायची सोय २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत आली, तीही मुद्दाम मागितली तरच. मायएसक्यूएल पूर्वी आकड्याच्या कॉलममध्ये मजकूर आला की शून्य घालून मोकळं व्हायचं, २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून ते मूळ सेटिंगलाच कडक झालं. म्हणजे डेटाबेस नाही म्हणायला शिकले. आणि आम्ही काय केलं? त्यांच्यावर एक मऊ गादी अंथरली, डेटाबेसचा नकार मधेच झेलून गिळून टाकणारा कोड लिहिला, वर हिरवी खूण रंगवली आणि त्याला 'युजर एक्स्पिरियन्स' म्हणायला लागलो.

दुसऱ्यांदा चढवलेल्या फाईलबद्दलही बोलायला हवं. सोमवारची फाईल चुकली, मंगळवारी दुरुस्त करून परत पाठवली. आता टूल काय करणार? जुनी पुसून नवी लिहिणार की दोन्हींची बेरीज करणार? जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये (गूगलने २०२३ मध्ये बंद केलं ते) खर्चाचा डेटा घेण्याआधी हे ठरवून द्यावं लागायचं: बेरीज की बदल. लोक न वाचता काहीतरी निवडायचे हा भाग वेगळा, पण निदान प्रश्न तरी होता. प्रश्नच न विचारता बेरीज करणारी टूल्स मी पाहिली आहेत, आणि त्यात 'ही फाईल परत काढ' असं बटण नसतं. प्रामाणिकपणे चूक दुरुस्त करणाऱ्याचा खर्च दुप्पट, आणि न करणाऱ्याचं काहीच बिघडत नाही!

आता तर कॉलम ओळखायला एआय बसवतायत. छानच. त्या मुलीचं शीट एखाद्या चांगल्या मॉडेलला दिलं तर 'एकूण' म्हणजे बेरीज हे ते बहुतेक ओळखेलही. पण माझी तक्रार अंदाज चुकण्याबद्दल नव्हतीच. अंदाज कितीही चांगला झाला तरी तो दाखवा, बेरीज समोर ठेवा, विचारा. शंभरातल्या नव्व्याण्णव फाइली बरोबर वाचणाऱ्या टूलवर लोक जास्त डोळे मिटून बसतात, मग ती शंभरावी फाईल कोण बघणार?

तुमच्यापैकी बरेच जण मार्केटिंगमध्ये आहात आणि कधी ना कधी असलं टूल निवडायच्या मीटिंगमध्ये बसाल. तिथे सेल्सवाला स्वतःची गुळगुळीत सॅम्पल फाईल घेऊन येतो, ती चढणारच. तुम्ही तुमची न्या, मागच्या सोमवारचीच, जशी आली तशी. शहराचा कॉलम मर्ज केलेला, खाली पिवळी ओळ, लाखांचे स्वल्पविराम, एका रकमेपुढे रेघ, तारखा बारा आणि तेरा दोन्ही. ती त्याच्यासमोर चढवायला लावा. मग तीच परत एकदा चढवायला लावा. आणि मग विचारा, 'नाशिकचा खर्च किती?' कागदावरचा आकडा आला तर पुढचं बोला. आधी हिरवी खूण आणि मग भलताच आकडा आला, तर त्याला विचारा की याचं बोलणं कोण खाणार, आणि ते करारात लिहून घ्या. तो म्हणेल, "हे आमच्या रोडमॅपवर आहे, ०५/०६ पर्यंत येईल."

पाच जून की सहा मे, तेवढं विचारून घ्या.